पाझर तलावावरचा बोर्ड

वाद पेटला तो बोर्डावरून. पाझर तलावाच्या सांडव्याजवळ आठ दिवसांपूर्वी लोखंडी बोर्ड उभा राहिलाय. पोकलेन किती तास चाललं, डिझेल किती लागलं, गाळाच्या किती ट्रॉल्या निघाल्या, असा सगळा हिशोब त्यावर आहे. सगळ्यात खाली डिझेलचे पैसे देणाऱ्याचं नाव.

मास्तर कट्ट्यावर टेकले न टेकले तोच म्हणाले, "दान केलं तर नाव कशाला? उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये."

देणारा आमच्याच गावचा. पुण्यात होर्डिंगपासून सुरुवात करून मार्केटिंगची कंपनी उभी केली, वाढवली आणि आपला वाटा विकून गावी परतला. त्याला विचारलेलं नाही, म्हणून नाव इथं लिहीत नाही.

"जन्मभर जाहिरातच केली त्यानं," एमपीएससीची तयारी करणारं पोरगं म्हणालं. "सीएसआर दाखवायचा असंल."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "सीएसआर कंपनीला लागतो बाबा, माणसाला न्हाई. 2013 चा कायदा, कलम 135. वर्षाचा नफा 5 कोटींच्या पुढं गेला, की मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. ह्याचे पैसे घरचे हायत. न्हाई दिले असते तर कोण इचारणार होतं?"

"मग तर नाव लावायलाच पाहिजे," हॉटेलवाला आतून ओरडला.

तात्या तोवर गप्प होते. तो तलाव त्यांच्या घरचा म्हणावा असा. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी त्याच्या पाळूवर माती टाकली, तिथं मिळालेली सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन पोरं जगवली. पुढं पन्नास वर्षं त्यात गाळ साचत गेला, आणि मागच्या काही वर्षांत तर होळीलाच तळ दिसायचा.

"बोर्डाचं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "पयल्या बैठकीत तुम्ही लोकांनी काय मागितलं होतं? सभामंडप आन् कमान!"

हे खरं आहे. मी त्या बैठकीला होतो. कमानीची मागणी ऐकून तो माणूस नाही म्हणाला नाही. "कुणाची विहीर कोणत्या महिन्यात आटते?" एवढंच विचारत राहिला. महिनाभर रोज संध्याकाळी पारावर येऊन बसायचा, एकेकाचं ऐकून वहीत टिपून घ्यायचा. आणि एका संध्याकाळी उभा राहिला. म्हणाला, "एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास, 100 घनफूट. तेवढा गाळ निघाला की 2,800 लिटर पाण्याची जागा होते. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती 10 टाक्यांची, 5 लाख लिटरची. म्हणजे आपल्या 180 ट्रॉल्या. 180 ट्रॉल्या काढल्या, की ती रेल्वे आपल्या तलावात उभी राहिली समजा."

पारावर कोणी बोलेना. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, घागरींच्या रांगांत उभे राहिलो होतो. गाळ काढा म्हणणारे अधिकारी, पुढारी आधीही येऊन गेले. पण ट्रॉलीचं माप असं आमच्या दुखण्यावर कुणी लावून दाखवलं नव्हतं. माणसाला कुठली गोष्ट भिडते हे ओळखणं हीच त्याची धंद्यातली कमाई, आणि ती त्यानं गावासाठी खर्च केली. मला ती डिझेलच्या पैशापेक्षा मोठी वाटते.

"पण ट्रॅक्टरचं भाडं आमच्या बोकांडी काहून?" पोरगं अजून अडून होतं. "द्यायचंय तर पुरं द्यावं."

"मीबी तेच म्हणलो होतो," तात्या म्हणाले. "तर मला म्हणला, तात्या, फुकट आणून टाकला तर जवळच्या बांधावर ढीग पडंल. पैसे मोडून नेला तर जिथं गरज हाय तिथं पसरवाल." तात्यांनी मूठ उघडून दाखवली, जणू गाळ अजून हातातच होता. "काळाभोर, लोण्यासारखा. वरच्या मुरमाड तुकड्यात टाकला. औंदा श्रावणात वीस दिवस उघडीप पडली. शेजारच्या रानात सोयाबीननं माना टाकल्या, माझं त्या तुकड्यातलं हिरवं ऱ्हायलं."

काळ्या, भारी रानात हा गाळ टाकून काही उपयोग नाही. ते त्यानंच सांगितलं होतं. मुरूम लागला की पोकलेन थांबवायचं, हेही.

मास्तर मात्र हटले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमच्या शाळेत एका कंपनीनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. फीत कापली, फोटो निघाले. वर्षभरात फिल्टर बदलायची वेळ आली, तेव्हा फोन उचलायला कोणी नव्हतं. पोरं पुन्हा घरून बाटल्या आणायला लागली. बोर्ड अजून भिंतीवर आहे. मास्तर त्या शाळेत होते. रोज सकाळी ते बंद यंत्र पाहत त्यांनी नोकरीची शेवटची तीन वर्षं काढली. त्यांचा राग तिथला आहे.

म्हणून मी म्हणालो, "मास्तर, नाव राहू द्या. हिशोबाखाली आहे, हिशोबाच्या वर नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांनी स्वतःच्या पैशानं ट्रॉल्या वाहिल्या त्यांचं एकाचंही नाव तिथं नाही. गाळ पुन्हा येणार, दर पावसाळ्यात थोडा थोडा येणारच. पुढच्या वेळी तो माणूस असेल, नसेल. ही माणसं इथंच असतील."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. वकीलसाहेब म्हणाले, "बोर्डावर जागा हाय का?"

"मागची बाजू कोरीच हाय," पोरगं म्हणालं.

मास्तरांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. कोणी विचारायच्या आत ते म्हणाले, "रंग माझा. पण नावं गाळायची न्हाईत, एक ट्रॉली नेलेल्याचंबी लिहायचं."

यादी ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत आहे. उद्या सकाळी ती आणायला मी जाणार आहे.