खांब खाली जखडलेला धरला होता का?
लेखात म्हटलंय की पोलादी खांबावर ट्रक आदळला तर काय होईल हे आता संगणकच सांगतो, प्रत्यक्ष चाचणी लागत नाही. पहिलं पटलं, दुसरं अजिबात नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका शेडच्या कामावर होतो. ट्रक रिव्हर्स घेताना खांबाला बसला. वेग काय, चालत्या माणसाएवढा! तरी खांबाचा फ्लँज, म्हणजे कडेची सपाट पट्टी, पापडासारखा मुरडला. खांबाच्या डिझाइनचा हिशेब मात्र धडक म्हणजे स्थिर, हळूहळू येणारा भार धरूनच केलेला.

खरी गोम इथंच आहे. माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद, झटक्यात ताणलं की जास्त ताकद दाखवतं. ही वाढ मोजायच्या कूपर-सायमंड्स सूत्रात माइल्ड स्टीलसाठी नेहमीचे ४०.४ आणि ५ हे स्थिरांक घातले, तर सेकंदाला ४०.४ या स्ट्रेन रेटला (ताणलं जायच्या वेगाला) यील्ड स्ट्रेस, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण, दुप्पट होतो. पण उच्च ताकदीच्या पोलादात ही वाढ बरीच कमी असते. तिथंही तेच आकडे चिकटवले की संगणकाच्या मॉडेलमधला खांब उगाच लै पैलवान वाटतो. आपल्याकडं तालमी आहेत, पण असले पैलवान नकोत.

लेखकांना एकच विचारायचंय: बेसप्लेटचे (खांबाच्या तळाच्या पायाला बसवलेल्या प्लेटचे) बोल्ट मॉडेलमध्ये घेतले होते, की खांब खाली पूर्ण जखडलेला धरला? आमच्या खांबाचे त्या धडकेत आधी दोन बोल्टच उपसले होते.