क्यू शीटवर आधी गाणं लिहा

गप्पा, पुस्तक आणि स्टुडिओत बसून वाजवलेलं संगीत, असा रेडिओ कार्यक्रम बांधताना बहुतेक ठिकाणी आधी पाहुणा ठरतो, मग पुस्तक, आणि गाणी उरलेल्या फटीत बसवली जातात. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात काय कधी येणार त्या तक्त्यावर, हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. गप्पा कुठेही आवरत्या घेता येतात, पण चार मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांत होत नाही. तरी गप्पा लांबल्या की कात्री लागते ती गाण्यालाच. शेवटच्या अंतऱ्यावर निवेदक आभार मानायला लागतो आणि गाणं हळूहळू विझवलं जातं. तासभर आधी येऊन वाद्यं लावून बसलेल्या माणसांवर हा अन्याय आहे.

म्हणून वेळ शेवटाकडून मोजा. कार्यक्रम ८ ते ८.५५ असेल, शेवटचं गाणं पाच मिनिटांचं आणि निरोपाला एक मिनिट धरलं, तर गाणं ८.४९ ला सुरू झालंच पाहिजे. हा आकडा निवेदकासमोर मोठ्या अक्षरात हवा. ८.४७ ला काचेपलीकडच्या कंट्रोल रूममधून दोन बोटं, म्हणजे ‘दोन मिनिटं उरली’ असा इशारा, दिसली की नवा प्रश्न काढायचा नाही.

गाण्याच्या आधी ४०-५० सेकंदांचं काहीतरी रेकॉर्ड केलेलं ठेवा. तेवढ्यात स्टुडिओतले सगळे माइक बंद असतात, तारा पुन्हा जुळवता येतात, खुर्ची सरकवता येते. एसीच्या गारव्यात तारा उतरतात-चढतात, चामड्याची वाद्यंही बदलतात, त्यामुळे वाद्यं किमान अर्धा तास आधी खोळीतून बाहेर काढून त्याच खोलीत ठेवायला हवीत.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते पाहुण्याचा माइक उघडा राहिल्यामुळे. गिटार स्वतःच्या माइकमध्ये आधी पोचते आणि दोन मीटरवरच्या पाहुण्याच्या माइकमध्ये साधारण सहा मिलिसेकंदांनी उशिरा. दोन्ही आवाज एकत्र झाले की काही स्वर एकमेकांना खातात आणि गिटार डब्यात वाजल्यासारखी पोकळ ऐकू येते. बोलणाऱ्यांचे फेडर, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, गाण्याआधी खाली आले की निम्मं काम होतं. गिटारचा माइकही भोकासमोर नको, तिथे नुसता घुमारा येतो. गिटारच्या दांड्यावरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) आसपास, २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवून बघा.

पुस्तकाचं वाचन तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. मिनिटाला सुमारे १२० शब्द धरले तर साडेतीनशे शब्द, बस्स. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, त्यामुळे पाच पात्रांचा प्रसंग कितीही सुंदर असला तरी रेडिओवर कोसळतो. दोनच माणसं असलेला उतारा निवडा. तो एका बाजूने छापलेल्या सुट्या कागदांवर घ्या, स्टेपल नको, आणि पान उलटू नका, बाजूला सरकवा. कागदाची कुरकुर माइकमध्ये फार मोठी होते. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घ्या, कारण ऐकणारे मधूनच येतात. आणि ‘या पुस्तकाबद्दल काय सांगाल?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. एखाद्या पानावर, एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारा, लेखक खुलतो.

राहिले सांधे, म्हणजे गप्पांतून गाण्यात आणि गाण्यातून गप्पांत जायच्या जागा. गाण्याचं आणि गायकाचं नाव सांगून झालं की निवेदकाने गप्प बसायचं. वादकांना कंट्रोल रूमचं बोलणं ऐकू येईलच असं नाही, म्हणून इशारा हातानेच द्यावा, आणि तो कोण देणार हे साउंड चेकलाच ठरलेलं असावं. गाणं संपताना ‘वा, वा’ करत शेवटच्या स्वरावर चढू नका. दोन सेकंदांच्या शांततेने प्रसारण कोसळत नाही. तार पूर्ण थांबू द्या, मगच निवेदकाचा फेडर वर घ्या.