मध्ये गालिचा, पलीकडे पुरण

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ग्वाटेमालातही चालते, हे मला तिथल्या आंतिग्वा शहरात जाऊन कळलं. ईस्टरच्या आधीचे 40 दिवस उपासाचे, शुक्रवारी मटण-चिकन बंद, म्हणून मी बायकोला म्हटलं, अगं आपल्या व्हेजवाल्यांची चंगळ आहे! आणि होतीच. ला मेर्सेद चर्चच्या बाहेर अख्खी जत्रा, पाकातले छोले (हो, पाकातले! पहिला घास पोटात गेला तरी मेंदूत काही शिरेना), दुधाच्या सारणाची एम्पनादा (आपल्या करंजीची बहीण), कैरीवर मीठ, लिंबू आणि भोपळ्याच्या बियांची पूड. कैरी मात्र थेट शाळेच्या गेटावरची.

पण माझा जीव अडकला होता रेयेनितोमध्ये. पिकलं केळं उकडून कुस्करायचं, आत काळ्या घेवड्याचं गोड पुरण भरायचं, तळायचं, वर साखर. घेवड्याचं पुरण! आदल्या दिवशी चार खाल्ले होते, गुड फ्रायडेला सकाळी परत तीच टोपलीवाली बाई दिसली, पण रस्त्याच्या पलीकडे.

आणि मध्ये आल्फोम्ब्रा. म्हणजे रंगवलेल्या भुश्शाचा अन् फुलांचा गालिचा, लोकांनी रात्रभर जागून रस्त्यावर घातलेला. आपण दारातली रांगोळी कशी उडी मारून ओलांडतो, पण ही रांगोळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्यावर पहिला पाय मिरवणुकीचाच पडणार. मी नुसता बूट पुढे केला तर शेजारच्या आज्जींनी असं बघितलं की बूट आपोआप मागे आला.

मग काय, उभा. तासभर. जांभळे झगे घातलेले कुकुरुचो, म्हणजे तिथले भोई, आले, खांद्यावर ती अवाढव्य आंदा, म्हणजे मूर्तींची पालखी, आमच्या पालखीला चार भोई पुरतात, इथे मोठ्या आंदेला 80च्या वर, डुलत डुलत एकेक पाऊल, धूप, मागे बँड, गालिचाचा भुस्सा झाला. खरंच अंगावर काटा आला, भूक दोन मिनिटं विसरलो (दोनच).

मिरवणुकीमागून सफाईवाले झाडू अन् ट्रक घेऊन आले आणि रस्ता मोकळा झाला. मी धावत पलीकडे. बाई गायब. वळून बघतो तर ती टोपली डोक्यावर घेऊन आरामात रस्ता ओलांडून आलेली, आणि आमची ही शेवटचे दोन रेयेनितो विकत घेत होती.

एक तिनं मला दिलंही असतं म्हणे, पण मी हाका ऐकल्या नाहीत.