मुंबई ते लंडन साडेचार तासांत? नाही हो!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जानेवारीतल्या एका तिकिटाचा फोटो फिरतोय. मुंबईहून दुपारी 1 ला सुटायचं, लंडनला संध्याकाळी 5:30 ला उतरायचं. म्हणे साडेचार तासांत विलायत!

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात साडेचार), म्हणजे प्रवास झाला दहा तासांचा. अंतरच सुमारे 7,200 किलोमीटर. साडेचार तासांत कापायचं तर ताशी 1,600 चा वेग हवा. प्रवासी विमानं 900 च्या आसपास उडतात. परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ थोडा वाचतो, इतकंच.

आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून आधी मुंबई गाठायची आहे, तो वेळ वेगळा धरा.