आम्ही पवित्र शास्त्रावर विश्वास का ठेवतो

ऑफिसात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, फिरून फिरून प्रश्न तोच येतो. "बायबल खरं कशावरून? बायबलमध्ये लिहिलंय म्हणून. आणि बायबलमधलं खरं कशावरून? ते बायबल आहे म्हणून!" विचारणाऱ्याला वाटतं, आता हिची बोलती बंद. आमच्यातलेही पुष्कळजण इथे "श्रद्धेचा विषय आहे" म्हणून हात झटकतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या शास्त्रावर आयुष्य उभं करायचं, त्याबद्दल दोन वाक्यं धड बोलता येऊ नयेत, हे बरं नव्हे. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, आमचा क्रम लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. पुस्तक आधी खरं मानायचं आणि मग त्यातल्या येशूकडे जायचं, असं नाही. आधी येशू, मग पुस्तक. तो वधस्तंभावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे खरं असेल तर त्याने ज्याला देवाचं वचन मानलं तो जुना करार आम्हीही मानतो. आणि त्याने ज्यांना साक्षीदार म्हणून पाठवलं त्या प्रेषितांची साक्ष, म्हणजे नवा करार, तोही मानतो. आणि तो उठलाच नसेल तर? पौल या प्रेषिताने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, हे सरळ लिहून टाकलंय: मग आमचा संदेशही पोकळ, तुमचा विश्वासही पोकळ, आणि आमच्याइतकं कीव करण्याजोगं कुणी नाही. एका घटनेवर त्याने सगळं पणाला लावलं.

ते पत्र साधारण इ.स. 55 चं. येशूचा वध इ.स. 30 च्या आसपास. म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं. पौल त्यात, उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी देतो: येशूचा शिष्य पेत्र, बारा शिष्य, येशूचा भाऊ याकोब, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू. आणि पुढे म्हणतो, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. वीस वर्षं म्हणजे किती, हे मुंबईकराला सांगायला नको. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. त्या रात्री छातीएवढ्या पाण्यातून चालत घर गाठलेली माणसं आजही आपल्या शेजारच्या सीटवर बसतात. उद्या कुणी लिहिलं की त्या दिवशी कुर्ल्यात पाचशे जणांनी अमुक पाहिलं, बरेचसे अजून आहेत, जाऊन विचारा, आणि ते खोटं असलं, तर संध्याकाळपर्यंत पितळ उघडं पडेल. एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण "शेकडो वर्षांनी कुणीतरी रचलेली दंतकथा" हा आरोप इथे टिकत नाही, एवढं नक्की.

बाई म्हणून मला आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली, असं चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनावरची चार पुस्तकं, सांगतात. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. त्यांतल्या एकाचा लेखक लूक तर लिहून ठेवतो की प्रेषितांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. गोष्ट रचायचीच असती तर येशूला कबरेत ठेवणारा अरिमथाईचा योसेफ हा प्रतिष्ठित माणूस हाताशी होताच, त्याच्या तोंडी घालता आली असती. तशी घातली नाही. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा प्रभूला नाकारलं, हे पेत्र मंडळीचा पुढारी झाल्यावरही कुणी खोडलं नाही. आणि दावीद! यहुद्यांचा सगळ्यात लाडका राजा. त्याने उरिया या आपल्याच सैनिकाची बायको घेतली, उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवलं, आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितलं, तो माणूस तूच आहेस. राजाचे भाट असं लिहीत नाहीत. आपल्याच थोरामोठ्यांना असं उघडं पाडणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास बसतो, तो याचमुळे.

आता व्हॉट्सॅपवर फिरणारं एक विधान: रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने 325 साली निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेत बायबलमधली पुस्तकं निवडली. त्या परिषदेचे वीस नियम आजही वाचायला मिळतात, त्यांत पुस्तकांची यादीच नाही. इ.स. 180 च्या सुमाराला इरेनियस हा बिशप चारच शुभवर्तमानांबद्दल लिहितो, म्हणजे कॉन्स्टंटाईन जन्मायच्या कितीतरी आधी. नव्या कराराची सत्तावीस पुस्तकांची यादी आज आहे तशी अथनेशियस या बिशपच्या 367 सालच्या पत्रात दिसते. पण मंडळ्या ती पुस्तकं त्याआधी कितीतरी पिढ्या वाचत होत्या. (जुन्या कराराबाबत आम्हा प्रॉटेस्टंटांत आणि कॅथलिकांत फरक आहे, आमची एकूण पुस्तकं 66, त्यांची 73. तो वाद जुना आहे, इथे काढत नाही.)

"नंतर मजकूर बदलला" असंही म्हणतात. 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत यशया या जुन्या करारातल्या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. शब्दलेखनाचे, काही शब्दांचे फरक आहेत, पण यशया तोच. तिथेच सापडलेल्या यिर्मया या पुस्तकाच्या काही तुकड्यांत मात्र मजकूर आखूड आहे, तेही खरं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत, आणि आजच्या बऱ्याच बायबलांत हे कंस किंवा टीप टाकून सांगितलेलं असतं. कुणी लपवलेलं नाही. ज्याला लपवायचं असतं तो तळटीप देत नाही.

आता खरा अवघड भाग. याच शास्त्राचा हवाला देऊन लोकांनी गुलाम पाळले. आपल्याकडे तर मंडळीतसुद्धा जात शिरली आणि बसली. मला याची लाज वाटते. पण त्या लोकांना चुकीचं ठरवायला मी कुठे जाते? याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, जिथे प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलाय. आणि पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, जिथे दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही. पंडिता रमाबाईंनी हेच केलं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या मुकाट बसल्या नाहीत. तिथल्या धर्मभगिनींशी, पाद्र्यांशी त्यांनी पत्रांतून वाद घातले: चर्च सांगतं म्हणून नव्हे, शास्त्रात दाखवा, मग मानते. एका पुरोहितवर्गाचं जू फेकून त्या आल्या होत्या, दुसरं मानेवर घ्यायला तयार नव्हत्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या, 1924 मध्ये ते छापून बाहेर आलं. शास्त्रावर विश्वास म्हणजे मान तुकवणं, असं वाटणाऱ्यांनी ही बाई अभ्यासावी. तिला ताठ उभं राहायला शास्त्रानेच जागा दिली.

जुन्या करारातल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली मला आजही वाचवत नाहीत. त्यांवर दिली जाणारी उत्तरं मी वाचलीत, त्यांतल्या एकानेही माझं पूर्ण समाधान केलेलं नाही. ती पानं मी येशूच्या उजेडात वाचते, आणि शत्रूवर प्रीती करा असं सांगून स्वतः शत्रूंच्या हातून मेलेला तो, मला देव कसा आहे ते दाखवतो. याहून जास्त माझ्याकडे नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, सांगितलेल्या सृष्टीनिर्मितीच्या सहा दिवसांवरून विज्ञानाशी भांडायची मात्र मला गरजच वाटत नाही. ते पान सृष्टी कुणाची आहे ते सांगतं, प्रयोगशाळेची वही म्हणून ते लिहिलेलं नाही.

पप्पा शेवटच्या आजारात असताना भेटायला येणारे सगळे बायबलमधलं धीर देणारं तेविसावं स्तोत्र वाचायचे. एका रात्री त्यांनी स्वतः मला अठ्ठ्याऐंशीवं वाचायला सांगितलं. त्यात दिलासा नाही. देवा, तू मला का टाकलंस, माझे मित्र दूर का केलेस, असं विचारत विचारत ते अंधारातच संपतं. मी थांबले. पप्पा म्हणाले, "हेही त्यात आहे, म्हणून बाकीचं मला खरं वाटतं." तेव्हा मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं नव्हतं. पण माणसाचं दुःख गोड करून न सांगणारं पुस्तक, तसंच्या तसं देवापुढे ठेवणारं, खुशामतीसाठी लिहिलेलं असू शकत नाही.

ज्यांनी ते कधी उघडलेलंच नाही, त्यांना माझी एकच विनंती: मार्कपासून सुरुवात करा. सगळ्यात छोटं शुभवर्तमान, सोळा अध्याय, एका बैठकीत वाचून होतं. आधी विश्वास ठेवा आणि मग वाचा, असं मी म्हणत नाही. शंका घेऊनच वाचा, पेन्सिल हातात ठेवा, जिथे पटत नाही तिथे खूण करा. त्या खुणांवर बोलायला मी कधीही तयार आहे.