रोज बरोबर 40 लिटर

कालपासून डोकं तापलंय. चाकणची कंपनी, नाव सांगत नाही. कंपन्यांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब तपासणं हे माझं काम. डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, लॉगबुक मागितलं. "आणतो सर, आणतो सर" करत दोन तास गेले आणि मग वही आली. कोरी करकरीत. अख्ख्या वर्षाच्या नोंदी, एकच पेन, एकच अक्षर, रोज 40 लिटर. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते, तेव्हा 40. रविवारी 40. आणि खंडेनवमीला? 40! अहो, त्या दिवशीचा फोटो तुमच्याच नोटीस बोर्डावर आहे. डीजीला झेंडूची माळ, हळद-कुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ. पूजेला बसलेलं मशीन डिझेल प्यायलं होय? पान उलटलं तर जेल पेनची शाई अंगठ्याला लागली, आईशप्पथ.

विचारलं, तर मेंटेनन्सवाले साहेब शांतपणे म्हणतात, "सर, किती पाहिजे ते सांगा ना, तसं करून देतो."

मला सांगायचंय? मी तपासायला आलोय का तुमचा गृहपाठ करायला? आकडा मीच द्यायचा आणि मीच तपासायचा, तर हा हिशेब कसा तपासायचा ते सांगणारा आयएसओ 14064 चा तिसरा भाग छापलाय कशाला, वडे बांधायला?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. एसीचा गॅस? "भरलाच नाही सर." बरं. पार्किंगच्या कोपऱ्यात आर-410ए चं रिकामं सिलिंडर लोळतंय, ते काय शेजाऱ्यांचं? तो गॅस एक किलो सुटला की साधारण दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. दहा किलो म्हणजे वीस टन. साडेसात हजार लिटर डिझेल जाळल्यासारखं! आणि शीटमध्ये शून्य.

विजेच्या एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, तो फॅक्टर लावलाय 0.82. कुठल्या जमान्यातला? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नवा आकडा फुकट देतं, 2023-24 चा 0.727 आहे. म्हणजे स्वतःचंच उत्सर्जन फुगवून दाखवतायत! लबाडी एकवेळ समजू शकतो, हा आळस नाही समजत.

गेल्या वर्षी एकांनी किलो आणि टन एकाच कॉलममध्ये घातले होते. त्याआधीच्यांनी स्कोप 3 समोर, म्हणजे कंपनीमुळे पण कंपनीबाहेर होणाऱ्या उत्सर्जनासमोर, लिहिलं, "लागू नाही". गेटवर कामगारांच्या बारा बसेस उभ्या! आणि हे सगळे शेवटी एकच करतात: रिपोर्टच्या पहिल्या पानावर एमडी रोप लावतानाचा फोटो. ते रोप पुढच्या वर्षी कधी दिसत नाही. मी शोधतो दरवर्षी.

निघताना पुन्हा, "सर, गेल्या वर्षीपेक्षा पाच टक्के कमी बसवा ना."

बसवा! चोळीचा खण आहे का?

तणतणत गाडीत बसलो. एकटाच, एसी फुल. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास इंजिन चालू ठेवून उत्सर्जनावर चिडत होतो. रात्री घरी येऊन महिन्याचा प्रवासखर्चाचा फॉर्म भरायला घेतला. सहा फेऱ्या. किलोमीटर: 80, 80, 80, 80, 80, 80.

एकच पेन. तेही जेलचं.