टीडीएस मीटरला आर्सेनिक दिसत नाही

“टीडीएस ३००च्या आत असेल तर बोअरचं पाणी बिनधास्त प्या. शंका आली तर उकळा. आर्सेनिक असलं की पाणी पिवळं पडतं. आणि शेजारच्या बोअरचा रिपोर्ट चांगला असेल तर तुमचंही पाणी चांगलंच.” हा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि पहिलं सगळ्यांत घातक आहे.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतो. आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याची भारतीय मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. समजा पाण्यात त्याच्या दसपट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे. मीटरचा आकडा एकेका मिलिग्रॅमने सरकतो, २८०चं २८०.१ झालेलं त्याला कळायचं कसं? शिवाय भूजलातलं आर्सेनिक पुष्कळदा आर्सेनाइटच्या रूपात असतं आणि पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या सामूला (पीएचला) त्या रेणूवर विद्युतभारच नसतो. ते वीज वाहून नेतच नाही.

उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक वाफेबरोबर जात नाही, पाणी मात्र आटतं. १० लिटरचे ८ लिटर झाले की लिटरमागे ४० मायक्रोग्रॅमचे ५० होतात. साधी कॅण्डल आणि यूव्ही इथे निरुपयोगीच. आरओने बरंच आर्सेनिक अडतं, पण आर्सेनाइट त्यातूनही जास्त निसटतं. म्हणून आरओमधून येणारं पाणीसुद्धा तपासून घ्यावं.

पिवळेपणा असतो तो लोहाचा. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी आणि छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उमटतात, पण तेही अनेक वर्षं तेच पाणी पोटात गेल्यावर.

शेजारच्या बोअरचं म्हणाल, तर बांगलादेशात सुमारे ५० लाख हातपंप तपासून सुरक्षित पंपांना हिरवा आणि दूषितांना लाल रंग दिला गेला. एकाच वस्तीत दोन्ही रंगांचे पंप निघाले, कारण गाळाचा थर आणि बोअरची खोली हाकेच्या अंतरावर बदलते. महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, नायट्रेट आणि फ्लोराइडची काळजी जास्त. तरी ‘आर्सेनिक हे बंगालचं दुखणं’ म्हणून सोडून देता येत नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावात ते सापडलेलं आहे.

‘आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे’ असंही सांगितलं जातं. त्या यादीत आर्सेनिक आहे का, ते आधी बघा. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने १९९२मध्ये बांगलादेशातलं भूजल तपासलं, पण आर्सेनिक तपासलंच नाही. जे मोजलं नाही, ते सापडलं नाही.

मग तपासायचं कसं? फील्ड किटमध्ये पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकतात. आर्सेनिक असेल तर त्याचा आर्सिन वायू सुटतो आणि झाकणातली मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी, मग तपकिरी होते. झाकण सैल राहिलं किंवा पट्टी ओली झाली की आकडा चुकतो. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर सल्फाइडमुळे पट्टी उगाच काळवंडते. त्यासाठी किटमध्ये दिलेली पूड किंवा कापूस वगळू नका. आर्सिन विषारी आहे, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत करा. मर्यादेच्या आसपासच्या फिक्या छटा डोळ्यांनी नीट ओळखता येत नाहीत. तिथे प्रयोगशाळाच हवी.

तिथेही नमुना घेताना घोळ होतो. पाणी साध्या बाटलीत भरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तळाशी तांबूस-पिवळा साका बसतो. ते लोह असतं आणि आर्सेनिक त्यालाच चिकटलेलं असतं. वरचं नितळ पाणी तपासलं की आकडा खोटा, कमी येतो. म्हणून प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली आणा, नळीत साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत पंप चालू द्या आणि मग थेट तोटीखाली बाटली भरा. ती आधी विसळू नका. आतले आम्लाचे थेंब लोह साका होऊन बसू नये म्हणूनच घातलेले असतात.